अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे पोट

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



 मी काही वक्ता नव्हे. माझी सारी नोकरी नवजात बालकांच्या कक्षात परिचारिका म्हणून झाली, आणि त्या कक्षात मोठ्याने बोलण्याची मनाईच असते. तेव्हा माझा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचला नाही, तर मागच्या भगिनींनी निःसंकोचपणे हात वर करावा.

चिटणीसबाईंनी मला 'बालसंगोपन' हा विषय दिला होता. परंतु ह्या सभेत बसलेल्या निम्म्याहून अधिक भगिनींनी माझ्याहून जास्त मुले वाढवली आहेत. सुदृढ बाळाला न्हाऊमाखू कसे घालावे, हे मी तुम्हांला काय सांगणार? म्हणून त्या मोठ्या विषयातला एक लहानसा कोपरा मी निवडला आहे. दिवस भरण्याआधी जन्मलेले बाळ, जे काचेच्या पेटीत ठेवावे लागते, त्याच्या आतड्याला होणारा एक भयंकर रोग, आणि तो कोणत्या कारणांनी होतो, एवढेच मी आज सांगणार आहे. विषय दवाखान्याचा वाटतो खरा. पण ह्या रोगाची पुष्कळशी कारणे दवाखान्याच्या दाराबाहेर, आपल्या घरांत आणि शेतांत असतात. म्हणून तो महिला मंडळात बोलण्याचाच विषय आहे, असे मला वाटते.

आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादे, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी असे आपले सहा तालुके. २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर शंभर माणसांत जवळजवळ ६९ आदिवासी आहेत. सातपुड्यातल्या कित्येक पाड्यांवरून बाळंतिणीला बांबूच्या झोळीतून खाली आणावे लागल्याच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो. नर्मदाकाठच्या गावांसाठी तर रुग्णवाहिकेचे काम बोटीने करावे लागले. अशा जिल्ह्यात कमी वजनाचे बाळ जन्मणे ही आपल्याला नवलाची गोष्ट राहिलेली नाही, आणि हेच वाईट आहे.

२०२३ च्या सप्टेंबर महिन्यातली बातमी पुष्कळ जणींना आठवत असेल. जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरचा पहिला पंधरवडा एवढ्या काळात जिल्ह्यात १७९ बालके दगावल्याचे वर्तमानपत्रांत छापून आले होते. जुलैत ७५, ऑगस्टात ८६ आणि सप्टेंबरात तोवर १८. त्यांतली बरीचशी जन्मल्यापासून अठ्ठावीस दिवसांच्या आतली होती. कमी वजन, जन्मताना गुदमरणे, जंतुसंसर्ग आणि श्वासाचे विकार अशी कारणे अधिकाऱ्यांनी त्या वेळी सांगितली, आणि बाळंतपणाआधीचे ४२ व नंतरचे ४२ अशा ८४ दिवसांत आई व बाळ ह्यांच्यावर लक्ष ठेवण्याची मोहीम जाहीर केली. हे सारे मृत्यू मी सांगणार आहे त्या रोगाचे नव्हते. पण जी कारणे त्या यादीत होती, त्याच कारणांच्या मागोमाग हा रोगही येतो. मूळ एक आणि फांद्या अनेक, असा हा प्रकार आहे.

आता रोगाचे नाव सांगते. इंग्रजी नाव लांबलचक आहे, 'नेक्रोटायझिंग एंटेरोकोलायटिस'. डॉक्टर मंडळी नुसते 'एन.ई.सी.' म्हणतात. साध्या मराठीत सांगायचे तर बाळाच्या आतड्याला सूज येते, त्याच्या आतले अस्तर मरू लागते आणि कधी कधी आतड्याला भोक पडते. दीड किलोहून कमी वजनाची शंभर बाळे घेतली, तर त्यांतल्या साधारण पाच ते दहांना हा रोग होतो. झालेल्यांपैकी शंभरांत वीस ते तीस दगावतात. आणि ज्यांच्यावर शस्त्रक्रिया करावी लागते, त्यांच्यात हे प्रमाण आणखी वाढते. जी वाचतात, त्यांतल्या काहींचे आतडे अरुंद किंवा आखूड राहते आणि वाढ मागे पडते.

हा रोग फसवा आहे. बाळ जन्मले, पहिले दोन-चार दिवस श्वासाच्या काळजीत गेले, मग दूध सुरू झाले, वजन चार-दोन ग्रॅम वाढले, घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी बाळाचे पोट टणक फुगते. नळीने दिलेले दूध पचत नाही, पोटातून हिरवट पाणी येते, शीतून रक्त जाते, बाळ मलूल पडते, मध्येच श्वास घ्यायचे विसरते. क्ष-किरणांचे चित्र काढले म्हणजे आतड्याच्या भिंतीतच हवेचे बुडबुडे दिसतात. रोग किती पुढे गेला आहे, ह्याच्या तीन पायऱ्या बेल नावाच्या शल्यविशारदाने १९७८ साली ठरवून दिल्या. आजही जगभर थोड्याफार फरकाने त्याच धरतात. दूध बंद करणे, शिरेतून पाणी व पोषण देणे, पोटातली हवा नळीने काढणे, जंतुनाशक औषधे देणे आणि वेळ पडल्यास शस्त्रक्रिया करणे, असा उपचार असतो. रोग झाल्यावरचे हे उपाय डॉक्टरांच्या हातातले आहेत. तो होऊ नये म्हणून करावयाचे जे आहे, त्यात मात्र आपला वाटा मोठा आहे. तेव्हा आता एकेक कारण पाहू.

पहिले आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे बाळाचे अपुरे दिवस. सदतीस आठवड्यांच्या आत जन्मले ते अपुऱ्या दिवसांचे. पण खरा धोका बत्तीस आठवड्यांच्या आतल्यांना आणि दीड किलोच्या खालच्यांना. पोटात असताना बाळ गर्भजल गिळून आतड्याला थोडा सराव देत असते. पण अन्न पुढे सरकवण्याची आतड्याची लय चौतीसाव्या आठवड्याच्या सुमारास कोठे नीट बसू लागते. त्याच्या आधी आलेल्या बाळाचे आतडे म्हणजे नुकतीच लिंपलेली ओली भिंत. अस्तर पातळ, त्यावरचा चिकट थर अपुरा. दूध आत साचून राहते, जंतू भिंतीतून आत शिरतात; आणि त्या जंतूंशी लढण्याची बाळाच्या शरीराची रीतही अजून कच्ची असते, त्यामुळे लढाईत जंतूंपेक्षा स्वतःच्याच आतड्याचे नुकसान जास्त होते.

मग बाळ लवकर का जन्मते? इथे आपला संबंध येतो. आईच्या अंगात रक्त कमी असणे, रक्तदाब वाढणे, लघवीच्या मार्गाला झालेला संसर्ग अंगावर काढणे, दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर नसणे, तंबाखू, जुळे, अशी ही कारणे आहेत. आपल्याकडे त्यांत आणखी काहींची भर पडते. सिकलसेलचा आजार सातपुड्याच्या पट्ट्यात पुष्कळ आढळतो. ज्या आईला तो असतो तिचे बाळ लवकर किंवा कमी वजनाचे होण्याचा धोका अधिक. लग्न कोवळ्या वयात होते. कायद्याने अठरा वर्षे हवीत, पण कायदा लग्नमंडपाच्या बाहेरच थांबतो. आणि दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात, ती होळीच्या सुमारास परततात. त्यांतल्या गरोदर बाईची तपासणी कोठे व्हायची? लोहाच्या गोळ्या इथल्या आशाताईकडे, बाई तिथल्या फडात, आणि सातव्या महिन्यात डोक्यावर उसाची मोळी. एकच गोष्ट कारण आहे असे कोणी म्हणू नये. पण ह्या साऱ्या गोष्टी एकमेकींचे हात धरून येतात.

दुसरे कारण रक्त आणि प्राणवायू ह्यांचा पुरवठा. बाळ जन्मताना गुदमरले म्हणजे शरीर आपले रक्त मेंदू आणि हृदय ह्यांच्याकडे राखते, आणि आतडे उपाशी पडते. घरात धान्य कमी असले म्हणजे आई पहिल्यांदा आपल्या ताटातली भाकरी काढते, त्यातलाच हा प्रकार. पूर्ण दिवसांच्या बाळाला हा रोग क्वचित होतो. पण झाला तर बहुधा त्याच्या मागे असे गुदमरणे किंवा जन्मजात हृदयविकार असतो, आणि तो पहिल्या काही दिवसांतच दिसतो. पोटात असतानाच ज्याची वाढ खुंटली, नाळेतून ज्याला पुरेसे रक्त मिळाले नाही, अशा बाळालाही धोका अधिक. म्हणून अडलेली बाई वेळेवर दवाखान्यात पोचणे, हा आतड्याच्या रोगावरचाही उपायच आहे.

तिसरे कारण जंतुसंसर्ग आणि औषधांचा अतिरेक. आतड्यात चांगले जंतू वस्तीला आले म्हणजे ते वाइटांना जागा देत नाहीत. जंतुनाशक औषधे फार दिवस चालू राहिली, की ही वस्तीच बसत नाही. संसर्ग सिद्ध झालेला नसताना पहिल्या दिवसांत पाच दिवसांहून अधिक काळ अशी औषधे दिलेल्या अगदी लहान बाळांत हा रोग जास्त दिसला, असे मोठ्या पाहणीत आढळले आहे. पोटातले आम्ल कमी करणाऱ्या औषधांबद्दलही तसेच. ह्याचा अर्थ औषध घेऊ नये असा मुळीच नाही. ज्या बाळाला खरा संसर्ग आहे त्याचा जीव त्याच औषधाने वाचतो. सांगायचे एवढेच की, "डॉक्टरसाहेब, जरा भारी इंजेक्शन द्या ना," असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. आणि बाळाला हात लावण्याआधी आपले हात साबणाने धुवावेत, बांगड्या-अंगठ्या काढून. वॉर्डातली सिस्टर त्यासाठी रागावली तर राग मानू नये.

चौथे कारण मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे, कारण ते सर्वांत जास्त आपल्या हातात आहे. ते म्हणजे बाळाच्या पोटात पहिल्यांदा काय जाते.

१९९० साली इंग्लंडात लूकस आणि कोल ह्या दोघांनी अपुऱ्या दिवसांच्या ९२६ बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. केवळ डब्याच्या दुधावर असलेल्या बाळांत हा रोग, केवळ मानवी दुधावर असलेल्यांपेक्षा सहा ते दहा पटींनी अधिक आढळला. आईचे दूध आणि डब्याचे दूध मिळून ज्यांना मिळाले, त्यांचे प्रमाण ह्या दोहोंच्या मध्ये होते. म्हणजे थोडे मिळाले तरी थोडा लाभ. पुढच्या वर्षांत अनेक देशांत हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. पहिल्या दिवसांचे जे घट्ट पिवळसर दूध, ज्याला आपण चीक म्हणतो, त्यात रोगाशी लढणारी द्रव्ये ठासून भरलेली असतात. आईच्या दुधातल्या काही साखरा बाळाला पचतच नाहीत. त्या चांगल्या जंतूंचे खाद्य असतात. आणि त्या ओल्या भिंतीला वाळून पक्की होण्यास मदत करणारी द्रव्येही त्यात असतात. कोणत्याही डब्यात हे सारे सापडत नाही.

हे माहीत असूनही वॉर्डाबाहेर काय घडते ते सांगते. तळोद्याकडची एक सून तिसाव्या आठवड्यात बाळंत झाली. बाळ बाराशे ग्रॅमचे. दुसरा दिवस उलटला, तरी सुनेला दुधाचे थेंबच येत होते. सासूबाई डब्याचे दूध विकत घेऊन दारात उभ्या. "बाई, पोऱ्या उपाशी शे ना!" असे म्हणून डोळ्यांना पदर लावला. त्यांच्या मायेत काही खोट नव्हती. मी त्यांना आत नेले आणि बाळाला एका वेळी किती दूध द्यायचे आहे ते मोजून दाखवले. दोन तासांनी अडीच मिलिलिटर. चहाचा चमचा पाच मिलिलिटरचा असतो. म्हणजे अर्धा चमचा. सुनेच्या वाटीत जे थेंब जमले होते, ते दाखवले. म्हटले, "मावशी, तुमच्या नातवाचे पोट एवढे लहान आहे, आणि हे त्याला पुरते आहे." त्यांनी वाटी हातात घेऊन बराच वेळ पाहिली. मग डबा दुकानदाराला परत केला, आणि दुसऱ्या दिवसापासून सुनेसाठी घरून डाळ-भाकरी आणू लागल्या. चौथ्या-पाचव्या दिवशी सुनेला दूध भरून आले. ते बाळ सुखरूप घरी गेले.

प्रत्येक वेळी असे होत नाही, हेही सांगितले पाहिजे. दुसऱ्या एका बाळाची आई बाळंतपणानंतर स्वतःच अत्यवस्थ होऊन दुसऱ्या शहरात दाखल होती. तिचे दूध मिळणे शक्य नव्हते, आणि दुसऱ्या आईच्या दुधाची सोय त्या ठिकाणी नव्हती. बाराव्या दिवशी बाळाचे पोट फुगले. शस्त्रक्रियेसाठी त्याला मोठ्या शहरात नेले. ते परत आले नाही. त्यात कोणाचाही दोष नव्हता. आईचेच दूध मिळालेल्या बाळालाही कधी कधी हा रोग होतो, कारण मूळ धोका अपुऱ्या दिवसांचा असतो. म्हणून असे बाळ गेले तर सुनेच्या दुधाला दोष देऊ नये, तिच्या पायगुणाची चर्चा करू नये, दृष्टीचा आणि बाहेरच्या बाधेचा शोध घेत बसू नये. जिने थेंब थेंब दूध काढून पाठवले, तिला आपण दोन गोड शब्द देऊ शकतो, तेवढे द्यावेत.

एका जुन्या समजुतीचा उल्लेख इथे केला पाहिजे. पोट बिघडण्याची भीती म्हणून अशा बाळाला बरेच दिवस उपाशीच ठेवावे, असे पूर्वी पुष्कळ ठिकाणी मानीत. आता मोठ्या प्रयोगांनी दिसले आहे की, दूध थोडे सावकाश वाढवले काय किंवा थोडे लवकर वाढवले काय, रोगाच्या प्रमाणात फरक पडत नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अशाच एका प्रयोगात दोन हजारांहून अधिक बाळे होती. म्हणजे उपासाने आतड्याचे रक्षण होत नाही. आईच्या दुधाचे थेंब लवकर सुरू करणेच बरे. मात्र दुधाशिवाय दुसरे काही नाही. मध नाही, गुळाचे पाणी नाही, आणि सहाणेवर उगाळलेली बाळघुटी तर अजिबात नाही. वेखंड, जायफळ, मुरडशेंग आपल्या आज्यांनी उगाळली हे खरे. पण त्या दोन-अडीच किलोच्या बाळांसाठी. बाराशे ग्रॅमच्या बाळाच्या आतड्यावर तो भार टाकणे म्हणजे ओल्या भिंतीवर पाय देऊन चढणे होय.

आणखी एक. बाळ घरी आल्यावर पोट फुगले, हिरवी उलटी झाली, शीतून रक्त दिसले किंवा बाळ दूध ओढेनासे झाले, तर १०८ ला फोन करून सरळ दवाखाना गाठावा. २०२५ साली मेळघाटात एका २२ दिवसांच्या बाळाला तापलेल्या विळ्याचे चटके दिल्याची बातमी आपण वाचली असेल. पोटफुगीवर चटके देण्याची ही चाल जुनी आहे, आणि ती फक्त मेळघाटातच आहे असे समजून आपण निश्चिंत राहू नये. फुगलेले पोट ही बाळाची हाक असते. तिला उत्तर दवाखान्यात आहे.

आता उपायांकडे वळते. बाळ लवकर होणार अशी चिन्हे दिसली, म्हणजे आईला डेक्सामेथासोनसारखी इंजेक्शने देतात. १९७२ साली न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी ह्यांनी दाखवून दिले की, अशा प्रकारच्या औषधाने बाळाची फुप्फुसे जन्माआधी तयार होतात. पुढे अशा बाळांत आतड्याचा हा रोगही कमी आढळला. पण ही इंजेक्शने जन्माआधी मिळाली तरच उपयोग. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात पोट कडक होऊन दुखू लागले, पाणी गेले किंवा अंगावरून रक्त गेले, तर "उद्या पाहू" म्हणू नये.

बाळ पेटीत असले तरी आईने बाळंतपणानंतर शक्य तितक्या लवकर, पहिल्या काही तासांतच, हाताने दूध काढण्यास सुरुवात करावी. दिवसातून आठ-दहा वेळा, रात्रीही एक-दोनदा. जितके काढावे तितके येते. पाण्यात उकळून घेतलेली स्टीलची वाटी त्याला पुरे. बाळ ओढण्याजोगे झाले नसेल तर नळीने, मग वाटी-चमच्याने किंवा आपल्या जुन्या बोंडल्याने पाजता येते. बाटली नको. बाटल्या आणि डब्याचे दूध ह्यांच्या जाहिरातींवर आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने निर्बंध आहेत, आणि २००३ साली तो कायदा अधिक कडक झाला, तो उगीच नव्हे.

बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधून ठेवण्याची रीत तुम्हांला माहीत असेल. तिला कांगारू पद्धत म्हणतात. कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास, पेट्या अपुऱ्या पडल्यामुळे, ती सुरू झाली. २०२१ साली पाच देशांतल्या रुग्णालयांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मापासूनच त्याला छातीशी धरले, तर मृत्यू चौथ्या हिश्शाने कमी झाले. आईला पान्हा फुटण्यासही ह्या जवळिकीने मदत होते. आई थकली तर आजी, मावशी, अगदी बाळाचा बापही छाती देऊ शकतो.

आईचे दूध मुळीच मिळत नसेल तर दुसऱ्या आईचे तपासलेले दूध हा त्याखालोखालचा मार्ग. ह्यात महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. मुंबईला शीव येथे लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस ह्यांनी १९८९ साली आशिया खंडातली पहिली मानवी दूधपेढी सुरू केली. धारावीसारख्या वस्तीतल्या गरीब आयांची बाळे तिथे असत. ज्या आयांना दूध जास्त येते त्यांच्याकडून ते घ्यावयाचे, तपासायचे, साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवून निर्जंतुक करायचे, आणि ज्या बाळाला नाही त्याला द्यावयाचे, अशी ही पद्धत. डब्याच्या दुधावरच्या बाळांपेक्षा अशा दुधावरच्या बाळांत आतड्याचा हा रोग जवळजवळ निम्म्याने कमी आढळतो. दुसऱ्याच्या लेकराला पाजणे आपल्याला नवे नाही. पण आता ते आपल्या मनाने परस्पर न करता तपासून, पेढीमार्फतच करावे. चांगल्या जंतूंची औषधेही निघाली आहेत, आणि काही प्रयोगांत त्यांचा उपयोग दिसला आहे. परंतु २०२३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अगदी लहान बाळांत त्यांच्या धोक्याचा इशारा दिला. तेव्हा तो निर्णय डॉक्टरांचाच.

भगिनींनो, आता मंडळाने काय करावे, हे सांगून मी थांबते. मोठ्या योजनेची गरज नाही.

आपल्या आळीतल्या, वाडीतल्या प्रत्येक गरोदर बाईचे रक्त तपासले गेले का, सिकलसेलची तपासणी झाली का, हे दर महिन्याच्या हळदीकुंकवात विचारावे. अंगणवाडीतून गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी अमृत आहार योजना आदिवासी भागासाठी २०१५ साली सुरू झाली. ती बाई तिथे जाते का, आणि ते जेवण तिच्याच पोटात जाते का, हे पाहावे. ऊसतोडीला निघालेल्या गरोदर बाईला तिची तपासणीची कागदपत्रे बरोबर द्यावीत. नवजात कक्षाबाहेर ओट्यावर बसलेल्या आया आपण पाहिल्या आहेतच. घरची दुसरी मुले, गुरे, शेत ह्यांच्या ओढीने त्यांना चौथ्या दिवशी घरी न्यावयाला माणसे येतात, आणि आईबरोबर बाळाचे दूधही घरी निघून जाते. त्या बाईला दोन वेळची भाकरी, एक कोरडी साडी आणि "तू इथेच राहा" म्हणणारे माणूस मिळाले, तर ती राहते. पाळीपाळीने डबा नेणे आपल्याला अवघड नाही. बाळ पाहायला जाताना डब्याचे दूध भेट म्हणून नेऊ नये. आईसाठी शेंगदाण्याचे लाडू न्यावेत.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घेण्यास शिकवले, आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. आज आपली आशाताई घरोघर येऊन बाळ तपासते, त्यामागे त्या कामाची पुण्याई आहे. त्या बायका आपल्यासारख्याच होत्या. काही तर लिहिण्यावाचण्यापुरत्याच शिकलेल्या होत्या.

यंत्रे दवाखान्यात येतील, डॉक्टर तयार होतील. आपल्या नंदुरबारला २०२० पासून वैद्यकीय महाविद्यालयही झाले आहे. पण आईची भाकरी, तिचे रक्त, तिची विश्रांती आणि तिच्या दुधाचे पहिले थेंब, ह्यांची राखण घरातल्या बायकांनाच करावी लागेल. त्या कामात आपले मंडळ पुढे राहो, आणि पुढच्या वर्धापनदिनी ह्याच सभेत काही आया आपली पेटीतून सुखरूप घरी आलेली लेकरे कडेवर घेऊन बसलेल्या दिसोत, अशी इच्छा व्यक्त करते.